तुमच्याकडे डेटा महाग म्हणे

९ जून

विहीणबाई, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोन केला तर तुम्ही उचलत नाही. मेसेज टाकला तर त्याच्याखाली दोन निळ्या खुणा उमटतात नि पुढे शांतता. म्हणून हा कागद. कागद कट करता येत नाही. फाडायचा म्हटला तरी आधी वाचावा लागतो, आणि तुम्ही तर आयुष्यभर मास्तरीण, तुम्हाला वाचल्याशिवाय राहवणारच नाही. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. चुका भरपूर सापडतील. लाल पेन घेऊन निवांत बसा.

विचारायचं ते एकच. माझ्या बेबीचं तोंड मला का दिसत नाही?

थंडी संपायच्या सुमाराला शेवटचं दिसलं. मी दुकानात इस्त्री करत होते, तिचा व्हिडिओ आला. निळीच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला, नेहमी करते तसा. गिऱ्हाईक होतंच, समोरची शिंपीण नि कोट न्यायला आलेले बँकेतले साहेब. म्हटलं, बघा, ही माझी मुलगी, परदेशात ऑफिसात असते. फोन त्यांच्याकडे फिरवला. साहेब बिचारे नमस्कार म्हणाले. शिंपीण म्हणाली, मागे पांढरं पांढरं काय गं एवढं? तेवढ्यात चित्र अडकलं नि गेलं. गेलं ते गेलंच. त्या दिवसापासून नुसता आवाज. तोसुद्धा रविवारी, आणि तोसुद्धा चहा गार व्हायच्या आत संपतो. विचारलं की म्हणते, आई, इकडे डेटा फार महाग आहे गं.

मी आमच्या मोबाइलवाल्याला विचारलं. हा माणूस रिचार्ज मारतो नि जगाची माहिती वर फुकट देतो. म्हणाला, आजी, जगात आपल्याइतका स्वस्त डेटा कुठे नाही, तुमच्या मुलीच्या देशात दसपट, पंधरापट पडतो. म्हटलं, एवढा स्वस्त आहे तर उठसूट वाढवता कशाला? तर म्हणे, मी नाही वाढवत, कंपनी वाढवते. आणि हसला, कंपनीचा जावई असल्यासारखा.

बरं, महाग तर महाग. पण लग्नाच्या बैठकीत तुम्ही काय म्हणाला होतात? “आमच्याकडे कशाची म्हणून कमी नाही, फक्त मुलगी द्या.” मुलगी दिली. आता तिच्या आईला तिचं तोंड दाखवायला डेटा कमी पडला होय? नसेल परवडत तर तसं लिहा, लाजू नका. तुमच्या घरचा रिचार्ज मी इथून भरीन. इस्त्रीवाली आहे, भिकारी नाही.

उत्तर पाठवा. नातीचा पुढचा दात पडला म्हणे. पडलेला मी पाहिला नाही, निदान नवा येताना तरी दाखवा.

बेबीची आई


२ जुलै

विहीणबाईंस सादर नमस्कार.

आपले पत्र मिळाले. शुद्धलेखनाबद्दल मी काही बोलणार नाही. बोलायचेच झाले तर शिष्टाचाराबद्दल बोलावे लागेल.

डेटा इथे महाग आहे, ही माझी कल्पना नव्हे. निरनिराळ्या देशांतल्या दरांचा तक्ता वर्तमानपत्रात येतो. त्यात तुमचा देश स्वस्ताईत अगदी टोकाला आणि आमचा महागाईत वरच्या ओळींत आहे. तक्ता तुमच्या मोबाइलवाल्याने केलेला नाही, शिकल्यासवरलेल्या लोकांनी केला आहे, तरी या एका बाबतीत त्या दोघांचे एकमत दिसते. इतक्या स्वस्तात मिळत असूनही तुम्ही तक्रार करता, याचे मला नवल वाटते. जगात तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त मोजणारे लोक आहेत आणि ते गप्प बसून मोजतात.

स्वस्त मिळाले की माणसे कशीही उधळतात. मागे मी तिकडे आले होते तेव्हा पाहिले, न्हावी एका डोळ्याने सिनेमा बघत दुसऱ्या डोळ्याने दाढी करत होता. रिक्षात बसले तर चालक कोणा तिसऱ्याच्याच लग्नाचा व्हिडिओ मोठ्या आवाजात लावून बसलेला. इथे लोक बेताने वापरतात. घरातल्या सगळ्यांचा मिळून एकच पॅक असतो. त्यातून मुलीच्या शाळेचे काम व्हायचे असते. तुमच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांची करमणूक त्यात बसत नाही.

हो, करमणूकच म्हणते. आईने मुलीशी बोलावे, त्यात गैर काही नाही. पण शिंपीण, साहेब, आणखी कोण कोण. माझी सून म्हणजे तुमच्या दुकानाची पाटी नव्हे.

पैसे पाठवू नयेत. आमच्याकडे कशाची कमी नाही, हे मी तेव्हा म्हटले होते आणि आजही म्हणते.

नातीचा दात व्यवस्थित येत आहे. तिचा अभ्यास मी घेते. तिने शाळेत “माझी एक आजी टीचर आहे आणि दुसरी गरम आहे” असे सांगितले. तिला इस्त्री म्हणायचे होते. बाईंना समजावताना माझी पुरेवाट झाली.

आपली,
विहीण


१ ऑगस्ट

विहीणबाई,

नात खोटं काय बोलली? गरम आहेच मी. आणि तुमचं पत्र वाचून आणखी तापलेय, पाणी शिंपडलंत तर चुर्र आवाज येईल.

तुमचा तक्ता मी डोक्यात घेऊन हिंडले. एवढी शिकली माणसं खोटं कशाला लिहितील, म्हटलं. मग दुकानात एक नर्सबाई आली. तुमच्याच देशात, तुमच्याच शहरात हॉस्पिटलात असते, आईचं आजारपण म्हणून रजेवर आलीय. युनिफॉर्म घेऊन आली होती. तिला म्हटलं, बाई, तिकडे डेटा भयंकर महाग ना? म्हणाली, इथल्यापेक्षा महाग आहे खरा. म्हटलं, तसं नको सांगूस. कामावर गेल्यापासून किती वेळ राबलीस की महिन्याचा डेटा सुटतो, ते सांग. तिने जरा हिशेब केला नि म्हणाली, मावशी, पहिल्या चहाच्या सुट्टीपर्यंत.

ऐकलंत? पहिला चहा.

आता माझं ऐका. मला एका रिचार्जला दोन मोठी गाठोडी इस्त्री करावी लागतात. सकाळी दुकान उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत उभं राहावं लागतं, आणि त्यात कोळसा-विजेचं धरलेलं नाही. मागच्या वर्षी एका गाठोड्यात भागायचं. रिचार्ज वाढला, शर्टाचा भाव वाढला नाही. वाढवला तर गिऱ्हाईक म्हणतं, आम्ही घरीच करू. मी कंपनीला म्हणू शकते का, की मी घरीच करीन? आणि वर यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. मी घरमालकाला म्हटलं, कंपनीने महिना आखडला, तुम्ही भाड्याचा महिना तेवढाच ताणा. तो हसलासुद्धा नाही.

तेव्हा तुमच्या तक्त्यात दर आहे, पण तो दर भरणाऱ्याचा हात किती वेळ चटके खातो ते कुठे आहे? घातलंय कोणी? ते नसेल तर असला तक्ता पुडी बांधायला ठेवा. स्वस्त आहे म्हणून गप्प बस, असं मला सांगणाऱ्यांना आधी इथे टेबलामागे उभं करा. सगळ्यांत स्वस्त देशात मी महाग विकत घेते आणि महाग देशात तुम्हाला तो पहिल्या चहाला पडतो. याला न्याय म्हणतात की काय, ते तुमच्या शाळेत शिकवत असतील.

पण मी भांडायला बसलेय ते कंपनीशी नाही, तुमच्याशी. मी दोन गाठोडी देऊन फोन चालू ठेवते आणि तुमच्याकडे आठवड्यातून एकदा तोंड दाखवायला होत नाही. म्हणजे डेटाचं कारण खोटं. मग खरं काय?

इथून पुढचं नीट वाचा. माझ्या मुलीच्या तोंडाला काय झालंय? सुजलंय का? कोणी हात उचललाय का? जावई लग्नात फार गोड हसत होते, मला तेव्हाच ते जरा जास्त वाटलं होतं.

नर्सबाई परत जाईल तेव्हा तुमच्या दारात येणार आहे. पत्ता दिलाय. ती माझ्या बेबीचा चेहरा बघेल, गळा बघेल, हात बघेल. दार उघडलं नाहीत तर पोलिस घेऊन येईल. तिला तिथली भाषा तुमच्यापेक्षा बरी येते.

बेबीची आई


२३ ऑगस्ट

विहीणबाई,

नमस्कार लिहिण्याची इच्छा राहिलेली नाही.

हात उचलणे! माझ्या घरात! बत्तीस मुलांच्या वर्गात मी कधी पट्टी उगारली नाही, आणि माझ्या मुलावर हा आरोप तुम्ही अशा कागदावर करता, ज्याला अजून खळीचा वास येतो. नर्सला पाठवू नका. पोलिसांना तर अजिबात नाही. इथे पोलिस दारात आले की शेजारी वर्षभर तोंड फिरवून चालतात. तुमच्या गल्लीत त्याची मजा वाटत असेल.

तुम्हाला खरे हवे आहे ना? मग घ्या. डेटाचे कारण खोटे होते. पण ते माझे नव्हते, सूनबाईचे होते. मी फक्त तक्ता पुरवला.

त्या दिवशी चित्र अडकलेले नव्हते. तिने स्वतः बंद केले. ती कामाच्या जागी होती, मधल्या सुट्टीत. मुद्दाम तुम्हाला फोन केला होता, कारण तिला काहीतरी सांगायचे होते. आदल्या रात्री मला म्हणाली होती, उद्या आईला सांगून टाकते. आणि तुम्ही काय केलेत? फोन फिरवलात. मागे पांढरे काय आहे ते शिंपिणीला दिसले. तुम्हाला दिसले नाही, कारण तुम्ही मुलीकडे बघतच नव्हतात, शिंपिणीच्या तोंडाकडे बघत होतात. तिला कसे वाटते आहे, ते बघत होतात. घरी येऊन सूनबाई जेवली नाही. मला म्हणाली, आता आईला तोंड दाखवायचे नाही.

काय सांगायचे होते ते मी लिहिणार नाही. तिने मला शपथ घातली आहे आणि मी शब्द पाळते.

तुमच्या नर्सबाईचा हिशेबही मला ऐकवू नका. इथे सगळेच नर्स नसतात. तासावर राबणाऱ्याच्या हाती भाडे गेल्यावर काय उरते, ते तिला विचारा. तेव्हा पहिल्या चहाची गोष्ट कोणी सांगत नाही. तुम्ही इकडे एकदाही आलेला नाही. आमच्या खिडकीतून काय दिसते हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि देशादेशांचा न्याय करायला निघाला आहात.

ती दिवसभर उभी राहून येते, मनगटाला मलम लावते आणि बसल्या बसल्या झोपते. रविवारी तरी तिला शांतपणे श्वास घेऊ द्या.

हे माझे शेवटचे पत्र.


१२ सप्टेंबर

विहीणबाई,

शब्द चांगला पाळलात. एका ओळीत सगळं सांगून बसलात.

मलम म्हणे. मनगटाला. दिवसभर उभी. तासावर. ऑफिसात बसणाऱ्यांचे कोट मी रोज करते, त्यांची दुखणी मला तोंडपाठ आहेत. त्यांची मान धरते, कंबर धरते, डोळे चुरचुरतात. मनगट भाजत नाही कोणाचं. मनगट भाजतं वाफेने, आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते. माझं डावं बघायला या कधी. आणि पांढरं म्हणजे चादरी. ढीगच्या ढीग. माझी बेबी चादरी इस्त्री करते. खरं की खोटं?

उत्तर देऊ नका, मला कळलं.

या मुलीला मी दुकानात इस्त्रीच्या वाऱ्याला उभी केली नाही. लहान होती, एकदा गंमत म्हणून रुमालावर फिरवायला घेतली, तर मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता. म्हटलं, या घरातली इस्त्री माझ्यापाशी संपली पाहिजे. तिच्या कॉलेजची फी मी लोकांच्या कॉलरींतून काढली. गल्लीत सगळे हसायचे, इस्त्रीवालीची पोर साहेबीण होणार म्हणे. झाली. करून दाखवली. आणि तुमच्या घरात जाऊन ती लोकांनी झोपून टाकलेल्या चादरी घासते?

आणि जावई काय करतात? मी हात उचलायचं विचारलं तर तुम्ही केवढ्या उसळलात. आता साधं विचारते, हात हलवतात तरी का? भाडं कोणाच्या पगारातून जातं? घरात पगार एकच आहे आणि तो तिचा आहे, असंच ना? कशाची म्हणून कमी नाही, म्हणे. सुनेच्या भाजलेल्या मनगटावर बसून तक्ते वाचता, नि मला शिष्टाचार शिकवता. वा, मास्तरीणबाई.

तुमच्याशी माझं काम संपलं. बेबीला सांगा, मला स्वतः लिही. चार ओळी लिही, पण स्वतः लिही. फोनवर ती खोटं बोलते, कागदावर तिला जमायचं नाही.

नर्सबाईच्या आईचं दुखणं लांबलंय, म्हणून ती अजून इथे आहे. थांबलीय. रद्द झालेली नाही.


४ ऑक्टोबर

आई,

तुझी तिन्ही पत्रं सासूबाईंनी माझ्यासमोर ठेवली. मी कामावरून आले होते, बूटसुद्धा काढले नव्हते. वाचली. नंतर त्यांनी स्वतः तुला लिहिलेल्या पत्रांचे कच्चे कागदही दिले, त्या आधी कच्चं लिहितात. तीही वाचली. तुम्ही दोघी इतके दिवस माझ्यावरून भांडताय आणि मला कोणी विचारलं नाही.

हो, चादरी. मोठ्या हॉटेलची धुलाई आहे, तळघरात. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. यंत्रात घालायचं, दुसरीकडून काढायचं, घडी मारायची. माझं ऑफिस गेल्या वर्षीच बंद पडलं. ह्यांचा धंदा त्याच्याही आधी बुडाला. हे रोज काम शोधायला बाहेर पडतात, रोज परत येतात, आणि चिडचिड करतात ती स्वतःवर. हात कोणी उचलत नाही. तसलं पुन्हा लिहू नकोस.

सासूबाईंनाही बोलू नकोस. त्या सकाळी मुलीला शाळेत सोडतात, आणतात, स्वयंपाक करतात, जिन्यावरून सामान चढवतात आणि मी आले की माझ्या मनगटाला मलम त्याच लावतात. माझं मला ते नीट लावता येत नाही. त्यांची जीभ तुझ्यासारखीच आहे. म्हणून तर मला दोन दोन ठिकाणी ऐकून घ्यावं लागतं.

ऑफिस सुटलं तेव्हा तुला सांगायचं होतं. फोन लावला की तू म्हणायचीस, थांब, आधी ह्यांना नमस्कार कर. प्रत्येक वेळी कोणीतरी असायचं. दूधवाला असायचा, शिंपीण असायची. एकदा तर तू मला एका माणसाला दाखवलंस, तो फक्त पत्ता विचारायला आला होता. त्या सगळ्यांसमोर मी काय सांगणार होते? आई, मी तुझंच काम करते, फक्त तळघरात?

तो धपाटा मला आठवतो. तुला वाटलं तो इस्त्रीसाठी होता. मला वाटलं, आईचं काम इतकं वाईट आहे की नुसता हात लावला तरी मार बसतो. आणि आता तेच मी करते. मग माझं तोंड बघून तुला काय वाटेल, ते मला बघायचं नाही.

तुला तोंड दिसलं की सगळं कळतं. किती झोपले, काय खाल्लं, कोणाशी भांडले. आणि कळलं की तू बोलतेस. थांबत नाहीस. माझ्यात आत्ता तेवढं ऐकायची ताकद नाही. इकडे डेटा महाग नाही, आई. तुझं बोलणं महाग पडतं.

तोंड दाखवणार नाही. नर्सबाईंना पाठवायचं तर पाठव, मी दार उघडीन. पण तुला नाही दाखवणार.

बेबी


२६ ऑक्टोबर

बेबी,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही.

तुझं पत्र वाचलं. मग दुकानातलं काम उरकलं नि परत वाचलं. एक सदरा करपला. ज्याचा होता त्याला नवं कापड घेऊन दिलं, शिवायला शिंपिणीकडे टाकलं. टाकतानाच तिला सांगितलं, आमची बेबी हॉटेलात चादरी इस्त्री करते. म्हणाली, अगंबाई! म्हटलं, अगंबाई काय? तू काय राजवाड्यातले अंगरखे शिवतेस? दुसऱ्याच्या अंगावरच्या कपड्याला हात लावूनच दोघी जेवतो आपण. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं असेल, तिच्या तोंडात काही राहत नाही. आता तुला लपवायचं असं इथे काही उरलं नाही. बरं झालं की वाईट, ते तू ठरव.

मनगटाचं सांगते. मलम नंतरचं, आधी भाजूच देऊ नये. काही लोक ओलं फडकं गुंडाळतात, तसं करू नकोस, ओल्यातून वाफ जास्त चावते. सुकं सुती फडकं, दोन पदरी, बाहीच्या आत. सैल बांध. दोन्ही पायांवर ताठ उभी राहू नकोस. वीतभर उंच एखादं खोकं मिळालं तर एक पाय त्याच्यावर ठेव, मग दुसरा. माझं आयुष्य या एका खोक्यावर गेलं. आणि यंत्रात चादर घालताना शेवटची कड हातात धरून ओढू नकोस, सोडून दे, यंत्र आपोआप घेतं. तिथेच बोटं जातात. हे तुला तिथे कोणी शिकवलं असेल तर ठीक. नसेल तर मी शिकवलं असं समज. त्या धपाट्याच्या वेळीच शिकवायला हवं होतं का, हा वाद आपण भेटू तेव्हा घालू, मी तयारीत येईन.

विहीणबाईंना बोलले ते शब्द मी परत घेत नाही. घेतले तर त्या खूश होतील. पण तुझ्या हाताला मलम लावतात ते मला ठाऊक नव्हतं. लावू देत. त्यांना म्हणावं, बोटाने चोळू नका, नुसतं टेकवा.

हे पत्र नर्सबाईच्या हातून येतंय. पोलिस नाहीत तिच्याबरोबर. तिच्याकडे सुती फडक्यांचा गठ्ठा दिलाय, जुन्या सदऱ्यांच्या पाठी फाडून केलेत, पाठीचं कापड मऊ राहतं. तिला तुझ्याकडे नीट बघू नकोस असं सांगितलंय. स्वतःच्या आईचं दुखणं काढून ती आधीच दमलीय, तिला चहा द्या.

आता तोंडाचं. तू म्हणतेस नाही दाखवणार. नको दाखवूस. मी बोलते हे खरं आहे, आणि या वयात मी गप्प बसायला शिकेन अशी आशा तू ठेवू नकोस. मी तरी ठेवलेली नाही.

पण एक कर. रविवारी घरचं काही काम करत असशील, भाजी निवडशील, कपडे घडी करशील, तेव्हा व्हिडिओ लाव आणि फोन टेबलावर पालथा न घालता उताणा ठेव. मला तुमचं छत दिसेल, बस. मी पण माझा उताणा ठेवते. तुला आमचा पत्रा दिसेल नि पंखा. दुकान त्या वेळी बंद ठेवीन, शटर खाली. कोणी नसेल. तू तुझं काम कर, मी माझं करते. बोलायचं नाही. मी एक शब्द बोलले तर खुशाल कट कर, मी परत लावणार नाही. नात मधे येऊन डोकावली तर तिला ओरडू नकोस, तिला आपल्या भांडणातलं काही माहीत नाही.

आणि काम करता करता कधी तुझ्या हाताचा धक्का लागून फोन कलंडला, तर कलंडू दे. लगेच सरळ करायची घाई करू नकोस.

आई